बेने इस्राएल विधिपरंपरा (अलिबाग परिसर)

रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्याच्या किनारपट्टीवर, विशेषतः अलिबाग, नवगाव, थळ, किहीम, झिराड, चौल, रेवदंडा इ. गावांत अनेक शतके वस्ती करून राहिलेल्या मराठी भाषिक ज्यू समाजाच्या धार्मिक व कौटुंबिक आचारांची परंपरा. ‘बेने इस्राएल’ या हिब्रू संज्ञेचा अर्थ ‘इस्राएलची संतती’ असा आहे. कोचीनचे ज्यू व बगदादी ज्यू हे भारतातील अन्य दोन प्रमुख ज्यू समाज होत. संख्येने बेने इस्राएल त्या दोहोंपेक्षा मोठे. ग्रंथ, धर्मगुरू व प्रार्थनामंदिर यांपैकी काहीही हाताशी नसताना केवळ घरगुती विधींच्या बळावर या समाजाने आपले वेगळेपण टिकविले. त्याच विधींना पुढे स्थलांतरानंतर निराळा अर्थ प्राप्त झाला. यामुळे स्थानिक विधी आणि सामाजिक अस्मिता यांच्या परस्परसंबंधाचे हे एक महत्त्वाचे उदाहरण मानले जाते.

आगमनकथा व उत्पत्ती : समाजातील परंपरागत कथेनुसार त्यांचे पूर्वज एका गलबतातून येत असता नवगावजवळ ते गलबत फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया एवढीच माणसे वाचली आणि त्यांच्यापासून पुढील समाज वाढला. वाहून आलेली प्रेते नवगाव येथे पुरण्यात आली. तेथील जुन्या दफनभूमीतील दोन उंचवटे, एक पुरुषांचा व दुसरा स्त्रियांचा, या घटनेची खूण म्हणून दाखविले जातात. या अपघातात धर्मग्रंथही समुद्रात गेले, असे कथा सांगते. ग्रंथांच्या अभावाचे स्पष्टीकरण तीत आपोआप येते, ही गोष्ट लक्षणीय आहे. समुद्रातून आलेल्या चौदा देहांपासून वंश सुरू झाल्याची कथा चित्पावनांच्या उत्पत्तीसंबंधीही सांगितली जाते. मात्र तीत परशुराम मृतांना जिवंत करतो, तर येथे जिवंत राहिलेल्यांची गोष्ट आहे. एकाच किनाऱ्यावरील दोन समाजांनी आपले मूळ सांगण्यासाठी कथेचा सारखाच साचा वापरला असावा, असे यावरून दिसते.

आगमनकाळाविषयी एकमत नाही. हाइम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या आणि १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेल्या समाजेतिहासात हे आगमन इ. स. पू. दुसऱ्या शतकातील मानले आहे. हनुक्का हा सण समाजाला माहीत नव्हता, हे त्यासाठी एक प्रमाण म्हणून दिले जाते. अन्य अभ्यासक हा काळ बराच अलीकडे, येमेन किंवा इराण यांच्याशी चाललेल्या सागरी व्यापाराच्या काळात नेतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजात मध्यपूर्वेतील ज्यू व भारतीय अशा दोन्ही वंशधारांचे मिश्रण आढळले. हे मिश्रण सु. १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचे असावे, असे अनुमान त्यात काढले आहे. बाहेरून आल्याची परंपरा व स्थानिक समाजाशी घडलेला संबंध या दोहोंना त्याने पुष्टी मिळते. नौकाभंगाच्या तपशिलाविषयी मात्र त्यातून काही निष्पन्न होत नाही.

व्यवसाय व सामाजिक स्थान : कोकणात बेने इस्राएल प्रामुख्याने तेल गाळण्याचा व्यवसाय करीत आणि जोडीला शेती. शनिवारी (शब्बाथ) ते घाणा बंद ठेवीत, त्यामुळे त्यांना ‘शनिवार तेली’ किंवा ‘शनवार तेली’ हे नाव पडले. हे नाव अन्य समाजाने दिलेले असून त्यात जात व्यवसायावरून आणि तिचे वेगळेपण विधीवरून सांगितलेले आहे. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ‘सोमवार तेली’ही होतेच. यामुळे जातिव्यवस्थेच्या चौकटीत हा समाज सहज सामावला गेला आणि धर्मावरून त्याचा छळ झाल्याची नोंद आढळत नाही. गावाच्या नावाला ‘कर’ लावून आडनाव घेण्याची कोकणी रीत त्यांनी उचलली : नवगावकर, किहीमकर, थळकर, झिराडकर, चेऊलकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर, दिवेकर ही आडनावे म्हणजे समाजाच्या जुन्या वसतिस्थानांचा नकाशाच होय. ‘गोरे’ व ‘काळे’ इस्राएल असे दोन पोटभेदही पाळले जात. मिश्र विवाहाच्या संततीला दुसऱ्या गटात घालीत व त्यांच्याशी रोटीबेटीव्यवहार करीत नसत. विधवाविवाह न करणे व गोमांस वर्ज्य मानणे हे आचारही शेजारच्या उच्चवर्णीय हिंदूंच्या प्रभावाने रूढ झाले होते.

अलिबाग शहर आंग्र्यांच्या सत्तेखाली भरभराटीस आले. आंग्र्यांचे संस्थान १८४० मध्ये खालसा होईपर्यंत येथील बेने इस्राएलांपैकी काहींनी त्यांच्या आरमारात व चाकरीत काम केले. शहराचे नाव ‘अली’ नामक सधन बागाईतदारावरून पडले, असे म्हणतात. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये तो मुसलमान असल्याचे नमूद आहे, तर बेने इस्राएल परंपरा त्यास आपल्या समाजातील मानते. अठराव्या शतकापासून कुटुंबे मुंबईस जाऊ लागली आणि तेथे कंपनीच्या पलटणींत, गोदीत व बांधकामखात्यात त्यांना नोकऱ्या मिळाल्या. अलिबागमध्ये त्यांच्या वस्तीची इस्राएल आळी ही त्या काळची खूण आहे.

ग्रंथांवाचून धर्म : या समाजाचे अठराव्या शतकापूर्वीचे धर्मजीवन पुढील गोष्टींपुरते होते : आठव्या दिवशी मुलाची सुंता, शब्बाथचे पालन, खवले व पर नसलेले मासे आणि अन्य निषिद्ध मांस वर्ज्य करणे, काही सण व उपवास, आणि एकेश्वरत्वाचा उच्चार करणारे ‘शेमा’ हे हिब्रू वचन. जन्म, सुंता, विवाह, मृत्यू, नवस अशा सर्व प्रसंगी हे एकच वचन म्हटले जाई. डेन्मार्कच्या मिशनशी संबंधित असलेल्या सार्टोरियस या धर्मोपदेशकाने १७३८ मध्ये या समाजाविषयी लिहिताना शेमाखेरीज त्यांच्याजवळ अन्य धर्मवाङ्मय नसल्याचे नोंदविले. परंपरेनुसार डेव्हिड राहबी या ज्यू व्यक्तीने त्यांच्या मासे निवडण्याच्या रीतीवरून ते ज्यू असल्याचे ओळखले आणि झिराडकर, राजपूरकर व शापूरकर या तीन घराण्यांतील माणसांना धर्मकृत्ये शिकविली. या घराण्यांतील पुरुष ‘काजी’ म्हणून ओळखले जाऊ लागले. गावोगाव फिरून सुंता व विवाह लावणे आणि तंटे मिटविणे हे त्यांचे काम होते. राहबीच्या काळाविषयी मतभेद आहेत.

सण व उपवास : ज्यू पंचांगातील सणांना या समाजाने दिलेली नावे त्याच्या संमिश्र घडणीवर प्रकाश टाकतात. वर्षारंभाचा सण (रोश हशाना) हा ‘नव्याचा सण’ होय. त्यानंतर थोड्याच दिवसांनी ‘खिरीचा सण’ येई. त्या वेळी नव्या तांदळाची नारळाच्या रसात केलेली खीर, धूप जाळून व शेमा म्हणून, सेवन करीत. ही भातकापणीच्या ऋतूशी जुळलेली कोकणी ‘नवे खाण्या’ची रीतच होय. प्रायश्चित्ताचा दिवस (योम किप्पुर) ‘दार फळणीचा सण’ म्हणून पाळीत. त्या दिवशी पांढरी वस्त्रे नेसून, दारे लावून, परक्याचा स्पर्श टाळून दिवसभर उपवास करीत. दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’ असे. त्या दिवशी गरिबांना दानधर्म करीत व आप्तेष्टांच्या भेटी घेत. पुरीम या सणास, तो फाल्गुनाच्या सुमारास येत असल्याने, ‘होळीचा सण’ म्हणत. वल्हांडणाचा सण (पेसाह) ‘अनशी ढाकाचा सण’ या नावाने परिचित होता. त्या दिवसांत आंबविलेले पदार्थ वर्ज्य असल्याने आंबट द्रवाचे भांडे झाकून ठेवीत. जेरूसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचे स्मरण करणारा उपवास ‘बिरड्याचा रोजा’ म्हणून ओळखला जाई. तो मोड आणून सोललेल्या वालांचे बिरडे खाऊन पाळीत. वाल हे अलिबाग परिसरातील भातानंतरचे मुख्य कडधान्य होय. एलुल महिन्यातील उपवासांना ‘रमजान’ अशी संज्ञा होती.

या नावांत ‘सण’, ‘दार’, ‘खीर’, ‘बिरडे’ हे शब्द मराठी, ‘रोजा’, ‘रमजान’, ‘उरुस’, ‘काजी’ हे फार्सी–अरबीतून मराठीत रुळलेले, तर पवित्र वचन तेवढे हिब्रू अशी विभागणी दिसते. पंचांगातील तिथी व सणामागील हेतू बहुधा ज्यू राहिला. साहित्य, ऋतू व नाव मात्र किनाऱ्याने पुरविले. शेजारच्या समाजांचे सण उचलले गेले असे म्हणण्यापेक्षा विस्मरणात गेलेल्या सणांना शेजाऱ्यांच्या भाषेत आधार मिळाला, असे म्हणणे अधिक युक्त होईल.

मलिदा : सर्व विधींत ‘मलिदा’ हा सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण होय. एलियाहू हन्नाबी (संदेष्टा एलिया) याच्या नावाने हा विधी करतात. भिजविलेले पोहे, खवलेला ओला नारळ, गूळ किंवा साखर, वेलची व सुका मेवा यांचे मिश्रण एका मोठ्या ताटात रचून त्याभोवती फळे मांडतात व गुलाबाची फुले ठेवतात. किमान दहा प्रौढ पुरुषांची उपस्थिती आवश्यक मानतात. शेमा व एलियाहूची स्तुतिगीते म्हटल्यावर फळांवर व धान्यावर निरनिराळे आशीर्वाद उच्चारून मलिदा सर्वांना वाटला जातो. विवाहापूर्वी मेंदीच्या वेळी, सुंतेनंतर, गृहप्रवेशाच्या वेळी, आजारातून उठल्यावर, प्रवासाहून सुखरूप परतल्यावर किंवा नवस फेडताना मलिदा करतात. घरात भिंतीवर अग्निरथातून स्वर्गारोहण करणाऱ्या एलियाहूचे चित्र लावण्याची पद्धतही सर्वत्र आढळते.

या विधीच्या मुळाविषयी दोन मते आहेत. बायबलमध्ये सांगितलेल्या धान्य व तेल यांच्या अर्पणविधीचा तो अवशेष होय, असे समाजातील अनेक जण मानतात. ‘मलिदा’ हा शब्द फार्सी असून पीर–दर्ग्यांवर गोड मलिदा चढविण्याची रीत कोकणातील मुसलमानांत व हिंदूंतही आहे. मुस्लिम लोकधर्मात खिज्र व एलिया यांची सांगड घातलेली आढळते. त्यामुळे पीराच्या उरुसाच्या धर्तीवर हा विधी घडला असावा, असे दुसरे मत आहे. ही दोन मते परस्परविरोधी असलीच पाहिजेत असे नाही. अर्पणाची जुनी कल्पना आणि अर्पणाची स्थानिक पद्धत यांचा मेळ येथे घातला गेला असणे शक्य आहे. देवाशिवाय अन्य कोणाची पूजा न करण्याचा निर्बंध पाळून संकटकाळी धावून येणारा एक संरक्षक समाजाला या विधीने मिळवून दिला.

अलिबागजवळ खंडाळे–सागाव परिसरात एक खडक आहे. एलियाहूचा रथ येथून आकाशात गेला आणि त्याच्या चाकांच्या व घोड्यांच्या टापांच्या खुणा त्यावर उमटल्या, अशी श्रद्धा आहे. ज्यू पंचांगातील शेवात महिन्याच्या पंधराव्या तिथीस (जानेवारी–फेब्रुवारी) ‘एलियाहू हन्नाबीचा उरुस’ असतो. त्या दिवशी आणि नवस फेडण्यासाठी एरवीही लोक येथे येऊन मलिदा करतात. अन्यत्र ही तिथी वृक्षांचे नववर्ष म्हणून पाळली जाते. एलियाचा संबंध तिच्याशी जोडणे हे बेने इस्राएलांचे वैशिष्ट्य होय.

विवाह व आहार : विवाहात मेंदी, हळद, नारळ, फुलांचा शेरा व मंगळसूत्र या कोकणी रीती हिब्रू विवाहपत्राच्या जोडीने चालत आल्या. मांस व दूध एकत्र न शिजविण्याचा धर्मनियम पाळणे कोकणात सोपे गेले, कारण कालवणाला दाटपणा आणण्यासाठी नारळाचा रस उपलब्ध होता. नव्याच्या सणास गव्हाचा चीक व नारळाचा रस आटवून केलेला ‘चिकाचा हलवा’ आजही भारतात व इझ्राएलमध्ये आवर्जून केला जातो. द्राक्षासव दुर्मिळ असल्याने शब्बाथच्या आशीर्वादासाठी काळ्या मनुका भिजवून केलेले सरबत वापरण्याची प्रथा पडली.

एकोणिसाव्या शतकातील परिवर्तन : टिपूच्या कैदेतून सुटून आलेल्या सॅम्युएल इझेकिएल दिवेकर (सामाजी हसाजी) यांनी १७९६ मध्ये मुंबईत पहिले प्रार्थनामंदिर उभारले. लोकव्यवहारात ते ‘जुनी मशीद’ म्हणून ओळखले गेले. त्यानंतर कोकणातही प्रार्थनामंदिरे झाली : रेवदंडा येथील बेथ एल, अलिबाग येथील मागेन आबोथ (एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, पुनर्बांधणी १९१०), पनवेल व पेण येथील मंदिरे ही त्यांपैकी प्रमुख होत. याच काळात कोचीनहून आलेल्या ज्यू शिक्षकांनी प्रार्थनाविधी शिकविले. अमेरिकन व स्कॉटिश मिशनऱ्यांनी बायबलचा जुना करार मराठीत उपलब्ध करून दिला आणि शाळांतून हिब्रू शिकविले. त्यांचा हेतू धर्मांतराचा होता; परिणाम मात्र समाज आपल्या ज्यू धर्माकडे अधिक डोळसपणे वळण्यात झाला. वल्हांडणाच्या रात्री वाचावयाच्या ‘हग्गादा’ची मराठी भाषांतरासह आवृत्ती मुंबईत १८४६ मध्ये शिळाप्रेसवर छापली गेली. पुण्यात १८७४ मध्ये निघालेल्या सचित्र आवृत्तीत नऊवारी नेसलेल्या स्त्रिया सणाची भाकर करताना दाखविल्या आहेत. किहीमकरांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये मुंबईत समाजाची शाळा निघाली.

ग्रंथ आले तेव्हा जुन्या विधींचे काय करावयाचे, हा प्रश्न निर्माण झाला. सणांची मराठी नावे मागे पडून हिब्रू नावे रूढ झाली. हनुक्का व इतर अपरिचित सण पाळले जाऊ लागले. विधवाविवाहाची बंदी, खिरीचा सण, एलुलमधील ‘रमजान’ हे हळूहळू लोपले किंवा क्षीण झाले. मलिदा मात्र टिकला. एवढेच नव्हे, तर त्यात नव्याने शिकलेल्या हिब्रू आशीर्वादांची भर पडून तो अधिक प्रतिष्ठित झाला. मराठी कीर्तनाचा प्रकारही समाजाने उचलला. १८८० च्या सुमारास मुंबईत बायबलमधील आख्यानांवर मराठी कीर्तने होऊ लागली. साकी, दिंडी, अभंगाच्या चाली व वीणा–झांजेची साथ घेऊन अब्राहम, योसेफ, मोशे यांची चरित्रे सांगितली जात.

स्थलांतर व धर्मविषयक वाद : १९४८ मध्ये इझ्राएल राष्ट्राची स्थापना झाल्यानंतर समाजाचे तिकडे स्थलांतर सुरू झाले. त्या सुमारास भारतातील बेने इस्राएलांची संख्या सु. २०,००० होती. बहुतेकांची वस्ती बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद, रामले यांसारख्या विकसनशील नगरांत झाली. तेथे त्यांना अनपेक्षित प्रश्नाला तोंड द्यावे लागले. शतकानुशतके रब्बींवाचून राहिलेल्या या समाजात विवाह व घटस्फोट धर्मशास्त्राप्रमाणे झाले असतील काय, अशी शंका घेऊन काही रब्बींनी त्यांचे इतर ज्यूंशी विवाह लावण्यास नकार दिला. मुख्य रब्बीमंडळाने १९६२ मध्ये काढलेल्या सूचनांनुसार अशा विवाहापूर्वी बेने इस्राएल व्यक्तीच्या मातृवंशाची मागील पिढ्यांपर्यंत चौकशी करावयाची होती. याविरुद्ध समाजाने निदर्शने व धरणे यांचा मार्ग पत्करला. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरूसलेममध्ये मोठे आंदोलन झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इझ्राएलच्या संसदेने बेने इस्राएल हे सर्व दृष्टींनी ज्यू असल्याचा ठराव केला आणि रब्बीमंडळाने सूचनांतून या समाजाचा नामोल्लेख वगळला.

या वादाचा विधींवर झालेला परिणाम ध्यानात घेण्याजोगा आहे. आपण इतरांसारखेच ज्यू आहोत हे पटवून देण्याची निकड असताना भारतीय वळणाचे आचार सोडून देण्याकडे कल व्हावा, हे स्वाभाविक होते आणि काही अंशी तसे झालेही. मलिद्याच्या बाबतीत मात्र उलट घडले. आरंभी घरगुती राहिलेला हा विधी पुढे विवाहापूर्वी, तरुण सैन्यात दाखल होताना, परीक्षेतील यशानंतर असा अधिकाधिक प्रसंगी व उघडपणे होऊ लागला. खंडाळ्याच्या खडकाची जागा हैफा येथील कार्मेल पर्वतावरील एलियाच्या गुहेने घेतली. शेवातच्या पंधराव्या तिथीस बेने इस्राएल कुटुंबे तेथे जाऊन मलिदा करू लागली. कोकणात जो विधी शेजारी हिंदू–मुसलमानांपासून आपले ज्यूपण वेगळे दाखवीत होता, तोच इझ्राएलमध्ये इतर ज्यूंपासून आपले कोकणी–मराठी मूळ वेगळे दाखवू लागला. विधीचे साहित्य व क्रम जवळजवळ तेच राहिले. त्याचा सामाजिक अर्थ बदलला.

सद्यःस्थिती : इझ्राएलमध्ये बेने इस्राएल वंशाच्या लोकांची संख्या सत्तर हजारांहून अधिक असल्याचा अंदाज आहे. तेथे ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक १९८० च्या दशकात सुरू झाले आणि महाराष्ट्र दिनाचे कार्यक्रमही होत आले आहेत. नव्या पिढीची बोली हिब्रू झाल्याने मराठी भाषा आटत आहे. मेंदी, मलिदा व चिकाचा हलवा यांचे आयुष्य भाषेपेक्षा अधिक असल्याचे दिसते.

भारतात २००१ च्या जनगणनेत सर्व ज्यूंची मिळून संख्या ४,६५० होती. त्यांतील बहुसंख्य बेने इस्राएल असून ते मुख्यतः मुंबई व ठाणे येथे राहतात. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला. अलिबाग परिसरात मोजकीच कुटुंबे उरली आहेत. प्रार्थनेसाठी आवश्यक असलेले दहा पुरुष जमविणे हीच तेथील मुख्य अडचण होय. सणाच्या दिवशी मुंबई–ठाण्याहून येणाऱ्यांवर त्यासाठी अवलंबून राहावे लागते. रेवदंड्याजवळील दांडा गावात प्रार्थनामंदिराची राखण करणाऱ्या एकाकी वृद्धेची कथा एस्थर डेव्हिड यांनी द बुक ऑफ रेचेल (२००६) या इंग्रजी कादंबरीत सांगितली असून तिला २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

याच वेळी अलिबागला तीर्थक्षेत्राचे स्वरूप येत आहे. इझ्राएलमधून येणारे गट नवगावची दफनभूमी व तेथील स्मारक, मागेन आबोथ मंदिर आणि खंडाळ्याचा खडक यांना भेट देतात व खडकापाशी मलिदा करतात. पूर्वी जेरूसलेमकडे तोंड करून प्रार्थना करणाऱ्या समाजाच्या वंशजांना आता जेरूसलेमहून कोकणात यावेसे वाटते. दफनभूमी व मंदिरे यांची देखभाल, किनाऱ्यावरील जमिनींच्या वाढत्या किंमती आणि जाणत्या काजींचा अभाव हे त्यापुढील प्रश्न आहेत. प्रार्थनामंदिरांच्या वास्तू जतन करता येतील. मलिदा, बिरड्याचा रोजा, नव्याचा सण यांचे मूळ कोकणी रूप मात्र वृद्ध पिढीच्या स्मरणातच उरले असून त्याची पद्धतशीर नोंद होणे निकडीचे आहे.